उसने ओठ

नांदूरघाटात कुणाच्याही घरात शिरा, समोरच्या भिंतीवर एखादा मेलेला माणूस कोट घालून बसलेला दिसेल. हयातीत त्यानं बंडीवर दुसरं काही चढवलेलं नसेल, स्वतःच्या लग्नातला सदरासुद्धा मामाचा असेल. पण भिंतीवर निळा कोट आणि लाल टाय. शेजारच्या घरात जा. तोच कोट, तोच टाय, टायच्या गाठीखाली तीच चुणी. परक्या माणसाला वाटावं, इथले लोक मरणाआधी रांगेत उभे राहून आळीपाळीनं एकच कोट अंगात घालतात. हा कोट बाळू फोटोग्राफरच्या कंप्युटरात आहे. माणूस गेला की जुन्या फोटोतून त्याचं डोकं कापायचं, कोटावर बसवायचं, मागं आभाळ सोडायचं, झाला फोटो. बायकांसाठी अशीच एक हिरवी पैठणी आहे, आणि ती नेसलेल्यांपैकी एकीनंही खरी पैठणी कधी हातात धरलेली नव्हती.

ही गोष्ट मात्र बाळूची नाही. त्याच्या बायकोची, सत्यभामाची आहे.

स्टँडसमोर 'रूपाली फोटो स्टुडिओ' अशी पाटी आहे. रूपाली त्यांची मुलगी, ती लग्न होऊन आष्टीला गेली; पाटी राहिली. पाटीवर मालक म्हणून बाळूचं नाव आहे. पण गावातल्या बायकांना विचारा, फोटो कुणाकडून काढायचा, तर त्या सत्यभामाचंच नाव घेतील. ती लग्न होऊन आली तेव्हा मागच्या अंधाऱ्या खोलीत फोटो धुवायची आणि दोरीला चिमट्यानं अडकवायची, एवढंच तिचं काम. कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, काच खराब होते, असा नवऱ्याचा दंडक होता. मग एका बड्या घरात बारसं निघालं. तिथल्या सुना परक्या पुरुषासमोर यायच्या नाहीत, आणि फोटो तर हवेत. बाळूनं नाइलाजानं कॅमेरा बायकोच्या हातात दिला, कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं आणि स्वतः ओसरीवर चहा पीत बसला. सत्यभामा आत गेली ती दीड तास बाहेर आलीच नाही.

रोल धुतला तेव्हा बाळूनं कपाळावर हात मारला. एक सून हसता हसता पार कमरेत वाकलेली, एकीचं नुसतं अर्धं तोंड आणि पिठानं भरलेला हात, बाळंतीण तर पाठमोरी, आणि तिच्या खांद्यावर बाळाचे दोन डोळे.

"ह्याला काय फोटो म्हनायचा का?" बाळू म्हणाला.

"त्या अशाच होत्या," सत्यभामा म्हणाली.

बाळूला वाटलं, गिऱ्हाईक गेलं. तिसऱ्या दिवशी त्या घरातून निरोप आला की पुढच्या वेळी बाईलाच पाठवा. तेव्हापासून तीस वर्षं सत्यभामा आतल्या घरातले फोटो काढते आहे. बाळू बाहेरचे काढतो.

बाळू काही ऐऱ्यागैऱ्याकडं शिकलेला नव्हता. तो बीडला एका उस्तादांकडं चार वर्षं राहिलेला. उस्तादांचं नाव घेताना आजही तो कानाच्या पाळीला हात लावतो. उस्तादांचे कायदे चार. नाक मधोमध. कान दोन्ही. डोळे कॅमेऱ्यात. ओठ बंद. ह्यातला एक जरी मोडला तर उस्ताद म्हणे फोटो फाडून गिऱ्हाइकाच्या देखत टोपलीत टाकायचे. अलीकडं बाळू मोबाइलवर फोटोचे धडे बघू लागला आणि त्याची मोठी पंचाईत झाली. तिथला कुणी पोरगा सांगायचा, माणूस मधोमध बसवणं म्हणजे अडाणीपणा. चौकटीचे उभे आडवे तीन भाग पाडा आणि माणूस रेघेवर ठेवा. तो जिकडं बघतो तिकडं मोकळी जागा सोडा. बाळू दोन दिवस अस्वस्थ होता. उस्ताद खरे की मोबाइल खरा? शेवटी त्यानं बायकोला विचारलं.

"एक म्हनतो मधी बसव, एक म्हनतो मधी बसवू नको," सत्यभामा भाकरी थापत म्हणाली. "ज्याचा फोटो काढायचा त्याला कुनी इचारलं का, बाबा तुला कुटं बसायचंय?"

बाळूनं उस्तादांचंच खरं धरलं. त्यात निदान चार वर्षांची मेहनत होती.

आता छबुबाईबद्दल सांगायला हवं. आमच्याकडं म्हाताऱ्या माणसांची एक रीत आहे. गुडघे दुखायला लागले, पोरांची लग्नं आटोपली, की ती फोटो काढून ठेवतात. आपण गेल्यावर घरच्यांची धावपळ नको, म्हणून. ह्याला 'तयार फोटो' म्हणतात. लुगड्याच्या घडीबरोबर तोही ट्रंकेत जातो. छबुबाई ऐंशीच्या घरात पोचली आणि तिनं सत्यभामाला बोलावणं धाडलं. तिचा मुलगा अर्जुनराव एकदा पंचायत समितीवर निवडून आलेला, पुन्हा उभं राहायच्या तयारीत असलेला, गावात सगळे त्याला आबा म्हणत. घर बांधलेलं, अंगणात फरशी, पण म्हातारी राहायची गोठ्याच्या अंगाला पत्र्याच्या खोलीत, कारण जनावरं नजरेसमोर असली की तिला झोप लागायची.

सत्यभामा सकाळीच गेली. छबुबाई नवं लुगडं नेसून बाजेवर बसली होती, ओठ घट्ट मिटून, दोन्ही हात गुडघ्यांवर. सत्यभामानं तीन फोटो काढले. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत तिला दाखवले.

"मेल्यावानी दिसतीया की गं मी," छबुबाई म्हणाली.

"तयार फोटो असाच असतुया, मावशी."

"आत्ताच कशापायी मारतीस मग?"

एवढ्यात अर्जुनराव कडक इस्त्रीत बाहेर आला. आईचं झालं की माझाबी एक काढा, हात जोडून, म्हणाला, निवडणुकीला लागेल. तो गोठ्याच्या दाराशी उभा राहिला, हात जोडले, मान थोडी कलती केली आणि नेत्याचं हसू तोंडावर आणलं. त्याच्या झब्ब्याच्या खिशातून एका भाषणाचे कागद डोकावत होते. मागं बांधलेल्या वासरानं मान लांब केली आणि कागद ओढले. अर्जुनराव हात जोडून तसाच उभा. वासरू पहिलं पान चावून दुसऱ्यावर आलं, तरी त्याला पत्ता नाही.

छबुबाईनं ते पाहिलं आणि ती हसली. नुसती हसली नाही. बाजेवर आडवी व्हायची राहिली. तोंडात एकही दात नव्हता, हिरड्या पार आतपर्यंत दिसत होत्या, पदर खांद्यावर घसरला होता. सत्यभामाचा कॅमेरा अर्जुनरावाकडं होता, तो तिनं गर्रकन वळवला आणि बटण दाबलं.

मागाहून तिनं तो फोटो बघितला तेव्हा उस्तादांचे चारही कायदे त्यात एका फटक्यात मोडलेले होते. नाक मधोमध सोडा, अख्खी छबुबाईच डाव्या कडेला. उजवीकडं निम्मी चौकट नुसता पत्रा. कान एकच. तोंड उघडं. आणि डोळे कॅमेऱ्यात नाहीतच. ती डावीकडं, चौकटीच्या बाहेर बघत होती, जिकडं बघायला बोटभरही जागा सोडलेली नव्हती. मोबाइलमधला पोरगासुद्धा नापास करील असा फोटो. सत्यभामानं त्याची मोठी प्रत काढली आणि छबुबाईला नेऊन दिली.

म्हातारीनं तो मांडीवर घेतला. बराच वेळ ती त्याच्यावरून अंगठा फिरवत राहिली.

"हीच मी," ती म्हणाली. "मी गेले की हाच लाव. आन माझं तोंड मिटू नको. तुझ्या नवऱ्यालाबी सांग."

"आबांना चालंल का?"

"आबाला इचारून मी मरनार न्हाई. बापानं गप बस म्हनलं, सासूनं म्हनलं, नवऱ्यानं म्हनलं, आता पोरगं म्हनतंय. भितीवर तरी मी गप बसनार न्हाई. दी शब्द."

सत्यभामानं तिच्या हातावर हात ठेवला. छबुबाईनं तेवढ्यावर सोडलं नाही. आधीचे तीन फोटो तिनं आपल्या डोळ्यांदेखत पुसायला लावले.

पुढच्या वर्षी मार्गशीर्षात छबुबाई गेली. तिसऱ्या दिवशी अर्जुनराव स्टुडिओत आला. तेराव्याचा कार्यक्रम मोठा करायचा होता, प्रवचनाला बाहेरचे महाराज येणार होते, स्टँडवर फ्लेक्स, मंडपात मोठी फ्रेम. सत्यभामानं त्याच्यासमोर तो फोटो ठेवला. तिला वाटलं होतं, आईला हसताना बघून तो फोटो उराशी धरील.

"हे काय?" अर्जुनराव म्हणाला. "तोंडात दात न्हाई, डोक्यावर पदर न्हाई. येडीवानी दिसतीया. जिल्ह्यातून लोकं येनार हायती माझ्याकडं."

"आबा, मावशींनी सांगितलंय हाच लावा म्हनून. मी शब्द दिलाय त्यांना."

"मेल्या मानसाला काय कळतंय, वैनी? तोंड बंद करा, पैठणी नेसवा, गळ्यात बोरमाळ टाका. सगळ्यांचं करता तसं."

"पैठणी नेसवते. बोरमाळ घालते. म्हनाल तर विमानात बसवते. तोंड मी बंद करनार न्हाई."

अर्जुनरावानं मग तिच्याशी बोलणंच सोडलं आणि बाळूकडं वळला. "बाळू, मालक तू हायस का ही? शाळेच्या ओळखपत्रांचं काम कुनी दिलं तुला? ग्रामपंचायतीचं कुनी दिलं?" उत्तराची वाट न बघता तो गाडीत बसून गेला.

त्या दिवशी नवरा-बायकोचं चांगलंच वाजलं. बाळू भित्रा होता हे खरं, पण तो नुसता भीतीपोटी बोलत नव्हता. तो म्हणाला, "कायदा कशापायी असतुया, सांग. घरातलं मानूस गेलेलं असतंय. सकाळी उठून भितीकडं बघितलं की त्यानं सरळ आपल्याकडं बघावं, शांत बसल्यालं दिसावं, एवढंच पायजे असतंय लोकांना. हसनारं मेलेलं मानूस असलं की त्याच्याकडं बघवत न्हाई. उस्ताद काय उगं सांगत न्हवते."

त्यात खोटं काही नव्हतं. तीस वर्षांत किती घरांत ते फोटो लागले, किती बायका त्यांच्याकडं तोंड करून रडल्या, हे सत्यभामानं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण लोकांना काय हवं असतं ह्याच्याशी तिला घेणं नव्हतं. छबुबाईला काय हवं होतं ते तिला माहीत होतं, आणि ते तिच्या तोंडून ऐकलेली ती जगात एकटीच उरली होती. हीच गोष्ट तिला टोचत होती. ती गप्प राहिली तर त्या म्हातारीला शेवटचं एकदा गप्प बसवलं जाणार होतं, आणि ते करणारे हात सत्यभामाच्या स्टुडिओतले असणार होते.

बाराव्या दिवशी सत्यभामा साखरपुड्याच्या कामाला केजला गेली. बाळूला तेवढीच सवड मिळाली. फोटो त्यानं उघडला, छबुबाईला उचलून मधोमध आणलं, पैठणी नेसवली, पदर डोक्यावर घेतला, बोरमाळ घातली. डोळ्यांची बुबुळं सरकवून समोर केली, दुसरा कान पहिल्यावरून तयार केला. अडलं ते ओठांपाशी. उघडं तोंड बंद करायचं तर मिटलेले ओठ पाहिजेत, आणि छबुबाईचे मिटलेले ओठ कुठेच नव्हते. ते तिनं पुसायला लावले होते. मतदान कार्डावरचा फोटो एवढा काळा की ओठ कुठले आणि मिशी कुठली कळेना.

मग बाळूनं केलं ते आमच्याच गावात होऊ शकतं. त्यानं तयार फोटोंच्या जुन्या फोल्डरमध्ये हात घातला आणि त्याच वयाचे, तसेच सुरकुतलेले, बिनदाताचे ओठ शोधून काढले. केशरबाईचे. केशरबाई ही छबुबाईची धाकटी जाऊ. एका घरच्या दोघी, कोण ओळखतंय, असा त्याचा हिशेब. केशरबाई जिवंत आहे, शेजारच्याच घरात राहते, आणि दोघी जावांनी तीस वर्षं एकमेकींशी शब्द बोललेला नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. भाऊ वेगळे झाले तेव्हा सासूच्या जात्यावरून दोघींचं बिनसलं होतं. वरची तळी एकीनं नेली, खालची दुसरीनं. जातं कुणालाच दळता आलं नाही, पण माघार कुणी घेतली नाही.

तेराव्याच्या दिवशी सकाळी सत्यभामा स्टँडवर उतरली आणि तिला समोर फ्लेक्स दिसला. आधी तिला राग आलाच नाही. हिरव्या पैठणीतली ही बाई कोण, हेच तिला कळेना. मग खालचं नाव वाचलं.

ती स्टुडिओत आली तेव्हा बाळू पडद्यामागं उभा होता. तिनं त्याला हाक मारली नाही. कपाटामागून तिनं एक फ्रेम काढली. तिनं ती छबुबाई गेली त्याच दिवशी तयार करून ठेवली होती. फ्रेम काखेत मारून ती पायरी उतरू लागली तसा बाळू बाहेर आला.

"सत्ये, सगळं गाव बसलंय तिथं. आबा आपलं काम काढून घील."

"काढू द्या."

"अगं पन मान हाय आपल्याला गावात..."

"तो तुमी काल कंप्युटरवर पुसलाय," ती म्हणाली आणि निघाली.

मंडप भरलेला होता. पुढं खुर्च्यांवर पांढऱ्या कपड्यांतली माणसं, बाजूला सतरंजीवर बायका. महाराजांचं प्रवचन संपत आलेलं. फुलं वाहायला रांग लागली होती. सत्यभामा मागच्या खांबाशी उभी राहिली आणि तिनं बघितलं, रांगेत केशरबाई आहे. तीस वर्षांत पहिल्यांदा तिनं ह्या अंगणात पाय ठेवला होता. पाठीतून वाकलेली, हातात काठी, ओंजळीत झेंडूची चार फुलं. भांडण आपल्या जागी आणि मरण आपल्या जागी, म्हणून आली असेल. लोक बाजूला सरले. केशरबाई फ्रेमसमोर गेली, फुलं वाहायला वाकली, आणि तशीच थांबली.

"हे तोंड कुनाचं हाय?" तिनं विचारलं.

अर्जुनराव पुढं आला. "काकू, आईचं. वाहा फुलं."

"अर्जुना, मला शिकवू नगं. पाऊनशे वर्सं हे तोंड मी आरशात बघतीया. हे माझं हाय." तिनं स्वतःच्या खालच्या ओठावर बोट ठेवलं. तिथं डाव्या अंगाला एक भेग होती. लहानपणी ती विळीवर पडली होती, गावातल्या सगळ्या बायकांना ही खूण ठाऊक. मग तिनं तेच बोट फ्रेमच्या काचेवर ठेवलं. तिथंही डाव्या अंगाला, तीच भेग.

बायकांतून एक कुजबुज उठली, मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि तोंडात पदर कोंबला. महाराज बोलायचे थांबले.

"जल्मभर जी माझ्याशी बोलली न्हाई, तिच्या तोंडावर माझं तोंड?" केशरबाईचा आवाज चढला. "मी अजून जिती हाय आन माझे व्हट हितं हार घालून बसल्यात? माझं मला द्या. हिचं हिला द्या."

सत्यभामा पुरुषांच्या खुर्च्यांमधून सरळ पुढं गेली. मंडपात त्या बाजूनं बाई जात नाही. पण वळसा घालायला तिला सवड नव्हती.

"आबा, हे तुमच्या आईचं," ती म्हणाली आणि तिनं फ्रेमवरचा कागद काढला.

"वैनी, गप घरी जा." अर्जुनरावाचे डोळे लाल झाले होते. "आईच्या तेराव्याला तमाशा लावू नगा."

"तमाशा मी न्हाई लावला. जाते मी. पन हे ठिवून जाते. त्यांनी सांगितलंय, आन तुमी मला मारलं तरी मी हे ठिवनार हाय." पैठणीतल्या फ्रेमच्या पुढं तिनं आपली फ्रेम टेकवली. फ्रेम सरळ बसली का हे बघायला ती थांबली.

छबुबाई सगळ्या मंडपाच्या देखत हसत होती, हिरड्या दाखवून, पदर खांद्यावर, एका कडेला सरकून. निम्म्या चौकटीत नुसता पत्रा.

"ही," केशरबाई म्हणाली. "ही हाय छबी. सटवी अशीच हसायची. मी लग्न होऊन आले तवा उंबऱ्यात माझा पाय अडकला आन मी पडले, तवा बी अशीच हसलती." तिनं फुलं वाहिली. हात जोडले नाहीत, पण काठी टेकून जरा वेळ उभी राहिली.

अर्जुनराव फोटोकडं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा राग गेला नव्हता, पण त्यात आणखी काहीतरी मिसळलं होतं. "ही बघतीया कुनाकडं?" त्यानं विचारलं.

"तुमच्याकडं, आबा. तुमी माझ्यासमोर हात जोडून उभा होता आन वासरू तुमचं भाषान खात हुतं, तवा."

मागून बायका हसल्या, पुढून पुरुषही हसले. अर्जुनराव हसला नाही. तो खुर्चीवर बसला, उपरण्यानं त्यानं तोंड पुसलं, आणि ते खाली घ्यायला त्याला बराच वेळ लागला. मग म्हणाला, "महाराज, होऊ द्या पुढचं." फ्रेम काढा असं मात्र तो म्हणाला नाही, आणि दुसऱ्या कुणाची काढायची छाती झाली नाही.

ती फ्रेम पुढं आबाच्या भिंतीवर गेली, पण ह्यानं सगळं गोड झालं असं समजू नका. शाळेच्या ओळखपत्रांचं काम त्या साली गेलं ते गेलंच. बाळू महिनाभर बायकोशी मोजकं बोलत होता, आणि तिनं त्याला माफ केलंय असं अजूनही ती तोंडानं म्हणत नाही. गावात दोन तट पडले. काहींचं म्हणणं, बाईनं आबाच्या आईची शोभा केली. सत्यभामा त्यांना एवढंच सांगायची की शोभा तुम्ही करत होता, मी थांबवली.

तेराव्यानंतर आठव्या दिवशी दुपारी केशरबाई काठी टेकत स्टुडिओच्या पायऱ्या चढली.

"माझा नवा फोटो काढ," ती म्हणाली. "त्यो जुना टाकून दी. तिच्या तोंडावरून आलेले उष्टे व्हट मला नगं."

सत्यभामाला फार आनंद झाला. तिनं म्हातारीला खिडकीशी नेलं, स्टूल एका कडेला सरकवलं, उजेड अर्ध्या गालावर येईल असं बघितलं, आणि जमिनीवर मांडी घालून इकडच्या तिकडच्या गप्पा काढल्या. जात्याचा विषय काढला, विळीचा काढला. बोलता बोलता डोळा कॅमेऱ्याला लावला.

"तू मला हसवाया बघतीस व्हय गं?" केशरबाई म्हणाली.

"तुमी हसताना लई छान दिसता, मावशी."

"तुला कुनी सांगितलं? बघितलंस कधी?" म्हातारीनं काठी फरशीवर आपटली. "मी हसनारी बाई न्हाई. छबी हसायची. मी तोंड मिटून दिवस काढलेत, आन ते मी काढलेत, दुसऱ्या कुनी न्हाई. मला मधी बसव. दोन्ही कान दिसू दी. व्हट बंद, आन भेग दिसली पायजे."

पडद्यामागून बाळूचा हात कानाच्या पाळीकडं गेला. सत्यभामानं त्याच्याकडं एकदा रोखून बघितलं, आणि मग तिचं तिलाच हसू आलं. ती स्वतःचाच एक कायदा त्या म्हातारीच्या तोंडावर बसवत होती की. तिनं स्टूल उचललं आणि मधोमध ठेवलं. खिडकी अर्धी लावली, उजेड दोन्ही गालांवर सारखा केला.

केशरबाईनं पदर कानामागं घेतला. "आन हे बघ. मी गेले की हा फोटो माझ्या घरात लावायचा न्हाई. अर्जुनाला सांग, त्याच्या घरात लाव. छबी बघतीया ना, त्या अंगाच्या भितीवर."

"आबा ऐकतील का?"

"न्हाई ऐकलं तर तू हायस की." तिनं ओठ मिटले, डोळे कॅमेऱ्यात रोवले, आणि सत्यभामाचं बोट बटणावर गेलं तेवढ्यात ओठ पुन्हा उघडले. "तीस वर्सं माज्यापासनं तोंड फिरवून बसली. आता हसायचं तर माज्या तोंडाकडं बघून हस म्हनावं."